शिकवायला सगळे तयार, फॉर्म तपासायला कुणी नाही

दांडियाबाजार_ताई: नमस्कार मंडळी, बडोद्यात आमची छोटी संस्था आहे, गरजू मुलांची फी, वह्या आणि सरकारी स्कॉलरशिपचे फॉर्म एवढंच काम. मी बरीच वर्षं फायली, फोन आणि पोर्टल बघतेय, मुलांसमोर जाणं जवळजवळ नाहीच, पण काम मनापासून आवडतं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, पासबुकात शेवटी, आधारवर वडिलांचं नावच नाही, आणि तेवढ्यावरून फॉर्म परत. मागे नववीतल्या एका मुलीचे पैसे मंजूर होऊन अडकले, खात्याची केवायसी झालेली म्हणजे सगळं झालं असं तिच्या आईला वाटलेलं, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग म्हणजे खात्याला आधार जोडणं वेगळं करावं लागतं ना. आईसोबत बँकेत जाऊन फॉर्म दिला, मग पैसे आले. मुलीला मी अजून पाहिलेलं नाही. तर प्रश्न असा, नवीन येणारी कॉलेजची मुलं शिकवायलाच मागतात, फायली दिल्या की पुढच्या रविवारी गायब. कसं टिकवता तुम्ही?

रावपुरा_काका: ताई, हिशेबाला तर त्याहून कुणी नाही. २००० रुपयांवर कॅश घेतली तर देणगीदाराला ८०जीची करसवलत मिळत नाही, पॅन नीट नसेल तर सर्टिफिकेट अडतं, मग तो माणूस पुढच्या वर्षी देणगी देईल का? आणि त्यातूनच फी भरायची असते. माझं ऐकाल तर कॉलेजच्या मुलांच्या मागे लागू नका, रिटायर्ड बँकवाले, एलआयसीवाले गाठा. दुपारी मोकळे असतात आणि कागद बघितला की चूक आपोआप दिसते त्यांना.

एमएसयू_वाली: काका, सॉरी पण पटलं नाही. मी स्वतः कॉलेजमध्ये आहे आणि हेच काम करते. आधी मला पण नुसता गठ्ठा द्यायचे, नावं टाइप कर म्हणून, कंटाळा यायचा. मग एकेका मुलाची पूर्ण फाईल दिली, शाळेला फोन करण्यापासून पैसे जमा होईपर्यंत सगळं माझं. आता फाईल अडकली की मलाच झोप लागत नाही.

सूरसागर_कट्टा: हिचं बरोबर आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता, म्हणजे गावोगाव कोणतं मूल शाळेत येत नाही याची नोंद कुणीतरी ठेवतच असणार. त्या कारकुनांची नावं कुणाला माहीत आहेत? नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, कागदाचं काम म्हणजे उरलंसुरलं काम असं वाटूच देऊ नका.

दांडियाबाजार_ताई: पूर्ण फाईल द्यायचं खरंच सुचलं नव्हतं, जूनमध्ये करून बघते, आणि काका, तुमचे बँकवाले पण पाठवा, दोघांना जोडीने बसवीन. फक्त एक सांगा, आधारच्या झेरॉक्स मुलांच्या हातात घरी देता का? व्हॉट्सॲपवर फोटो फिरवायला मी सक्त मनाई केलीय, कपाटाची किल्ली पण माझ्याकडेच असते, मग फाईल त्यांची कशी करायची?

एमएसयू_वाली: घरी काहीच नाही, ताई. झेरॉक्स ऑफिसातच राहतात, आमच्याकडे फक्त वही, त्यात मुलाचं नाव, शाळेचा नंबर आणि कुठे अडकलंय ते.