बालपण व युवा अभ्यासातील पदव्युत्तर शिक्षण: अभ्यासक्रम कसा निवडावा?

प्रश्न
माझी पदवी मानसशास्त्राची असून सध्या मी मुलांच्या वसतिगृहात समुपदेशक म्हणून काम करते. बालपण व युवा अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे मनात आहे. मात्र विकास, हक्क, सहभाग हे शब्द प्रत्येक माहितीपत्रकात आढळत असल्याने अभ्यासक्रमांमधला खरा फरक लक्षात येत नाही. निवड करताना काय पाहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद 1
आपली पार्श्वभूमी उपयोगी पडेल. परंतु हे अभ्यासक्षेत्र बऱ्याच अंशी विकासात्मक मानसशास्त्राशी वाद घालतच उभे राहिले, हे आधी ध्यानात घ्यावे. बालपणाची कल्पनाच काळानुसार बदलते, हा विचार फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी 1960 मध्ये मांडला. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढे इतिहासकारांनी खोडून काढले, तरी त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न टिकला. म्हणून आवश्यक विषयांची यादी नीट वाचावी. त्यात केवळ वाढीचे टप्पे असतील आणि इतिहास, समाजशास्त्र, कायदा यांपैकी काहीच नसेल, तर आपल्या पदरात नवे फारसे पडणार नाही. वयाचाही मुद्दा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेनुसार सर्वसाधारणपणे 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, तर हीच संघटना आकडेवारीसाठी 15 ते 24 वयोगटाला युवा मानते. सोळा वर्षांची मुलगी दोन्हींत मोडते. तिचा विचार अभ्यासक्रमात कोठे होतो, हे अवश्य विचारावे.

प्रतिसाद 2
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी कसोटी संशोधन पद्धतीच्या विषयात लागते. मुलांसोबत संशोधन करायचे, तर पालकांच्या लेखी परवानगीबरोबरच मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, आणि तो एकदा मिळाला म्हणजे काम संपले असे होत नाही. मोठ्या माणसाने विचारले म्हणून मूल ‘हो’ म्हणते. थोड्या वेळाने एकेका शब्दात उत्तरे देऊ लागते, दाराकडे पाहते, हातातला खडू मोडत बसते. तेव्हा मुलाखत थांबवायची असते, आणि हे ओळखायला अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचे क्षेत्रकार्यच शिकवते. ते किती आठवड्यांचे आहे आणि मार्गदर्शकांनी स्वतः मुलांमध्ये काम केले आहे का, याची चौकशी करावी.

धागाकर्ती
आपले आभार. मी काम करते तेथील मुलांवरच प्रबंध लिहिता येईल का?

प्रतिसाद 2
शक्य असल्यास टाळावे. आपण त्यांच्या समुपदेशक असल्याने नकार देणे त्या मुलांना जड जाईल, आणि विश्वासाने सांगितलेले व संशोधनासाठी सांगितलेले यांची सरमिसळ होईल. संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, हे तपासणारी नीतिसमितीही याच मुद्द्यावर अडवू शकते. दुसऱ्या संस्थेतील मुले निवडावीत. समितीच्या मान्यतेला बराच वेळ लागू शकतो, म्हणून नोकरी सांभाळून शिकणार असाल, तर अर्ज पहिल्या वर्षातच तयार ठेवावा.