शब्दचर्चा: बेपारी, उबेपारी, उजामा

स्वाहिलीत ‘बेपारी’ म्हणजे भांडवलदार. शब्द मूळचा इकडचा. गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांबरोबर तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला असं मानतात. आपल्या बोलींत बेपार, बेपारी अजून ऐकू येतात, पण त्यांत हिणवणं नाही. स्वाहिलीत मात्र हा शब्द राजकारणाच्या वावटळीत सापडला.

टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ स्वाहिलीत आणलं. ते 1969 मध्ये प्रसिद्ध झालं, नाव ‘माबेपारी वा वेनिसी’. ‘मा’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. मूळ नावात एकच व्यापारी आहे, इथे ते अनेक झाले. व्यापाऱ्यासाठी ‘म्फान्याबिआशारा’ असा साधा शब्द भाषेत असताना त्यांनी बेपारी घेतला. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 1967 मध्ये, देशाचं समाजवादी धोरण मांडणारा अरुशा जाहीरनामा निघून बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. त्यामुळे ही निवड सहज झाली असं मला वाटत नाही.

आता ‘उ’कडे बघा. आपण ‘-पणा’ शब्दाच्या शेवटी लावतो, स्वाहिलीत ‘उ’ सुरुवातीला लागतो. बेपारीवरून उबेपारी, म्हणजे भांडवलशाही. ‘जामा’ म्हणजे आप्त, कुटुंबातली माणसं. मूळ अरबी, आपल्या जमात आणि जमावाचं सख्खं भावंड. त्यावरून उजामा. ‘समाजवाद’ म्हणून त्याचं भाषांतर करतात, ते मला अपुरं वाटतं. ‘आप्तपण’ अधिक जवळचं. समाजवाद वर्गसंघर्षातून नव्हे, तर एकत्र कुटुंबाच्या रीतीतून यावा असं न्येरेरे 1962 पासून मांडत होते, आणि ते सगळं त्या एका शब्दात मावतं.

म्हणूनच पुढचं वाचताना त्रास होतो. गावोगाव विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र वस्त्यांत राहायचं, असा 1973 मध्ये हुकूम निघाला. लाखो माणसं हलवली गेली, अनेकांना जबरदस्तीने. आप्तपण सक्तीचं झालं की त्या शब्दात काय उरतं? न्येरेरेंबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी हे लिहायलाच हवं.

बेपारी हा शब्द त्यांनी वंशावर बेतला नव्हता, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर 1961 मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, नागरिकत्व कातडीच्या रंगावर द्यावं ही मागणी त्यांनी विधिमंडळात कडाडून फेटाळली. भारतीय वंशाचे अमीर जमाल त्यांचे अर्थमंत्री होते. पण 1971 मध्ये भाड्याच्या मोठ्या इमारती सरकारजमा झाल्या तेव्हा सर्वांत मोठा फटका भारतीय वंशाच्या कुटुंबांनाच बसला आणि बरेच जण देश सोडून गेले. ज्यांच्या पूर्वजांनी शब्द नेला, त्यांच्याच वाट्याला त्याचा नवा अर्थ आला.

लोक त्यांना ‘म्वालिमु’ म्हणत, म्हणजे गुरुजी. दार-ए-सलामजवळच्या पुगूच्या शाळेतली नोकरी त्यांनी 1955 मध्ये राजकारणासाठी सोडली होती, बिरुद मात्र जन्मभर टिकलं. हा अरबी ‘मुअल्लिम’; आपल्या तालमीचं मूळही तेच. गंमत म्हणजे स्वाहिलीने त्यातल्या ‘मु’ला आपला माणसासाठीचा एकवचनी प्रत्यय समजून अनेकवचन ‘वालिमु’ केलं.

आणखी एक शब्द त्यांनी भाषेला दिला: ‘ङातुका’. त्यांच्या झानाकी मातृभाषेतला. वडीलधाऱ्यांनी पुढच्या पिढीकडे कारभार सोपवून आपणहून बाजूला होणं, असा अर्थ. मराठीत ‘ङ’ शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, म्हणून उच्चारताना जीभ अडखळते. नोव्हेंबर 1985 मध्ये ते स्वतः अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि अली हसन म्विनी आले. पक्षाचं अध्यक्षपद त्यांनी 1990 पर्यंत ठेवलं, तरी तिकडे पदत्यागासाठी आज हाच शब्द चालतो. ‘राजीनामा’त निवृत्ती येत नाही आणि ‘निवृत्ती’त सोपवणं येत नाही, ‘सूत्रं खाली ठेवणं’ थोडं जवळ जातं, पण तो वाक्प्रचार झाला. मराठीत एकच शब्द कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.