अनुभव धागा: आपला संघ नसताना कुणासाठी ओरडलात?

लोकहो, फुटबॉलचा वर्ल्डकप आपण रात्री जागून टीव्हीवर बघतो. पण आपल्यातले बरेच जण प्रत्यक्ष मैदानावरही जाऊन आलेत. कुणी रजा टाकून गेलं, कुणाची नोकरीच त्या देशात होती. भारताचा पुरुषांचा संघ वर्ल्डकपमध्ये अजून एकदाही खेळलेला नाही, म्हणजे तिथे आपण दुसऱ्यांच्याच संघामागे उभे राहतो. तो दुसरा कसा निवडता? भारत खेळत असला तर काय वेगळं वाटतं? आशियाई कप, युरो, ज्युनियर वर्ल्डकप, काहीही चालेल. तिकिटांबद्दल जरूर लिहा, पण आधी स्टँडमधलं सांगा. सुरुवात मी करतो.

सारान्स्क, रशिया, २०१८ (पुण्याहून)

माझ्याकडे पेरू-डेन्मार्कचं तिकीट होतं, ते केवळ मिळालं म्हणून. मोठ्या संघांची तिकिटं हाती लागली नव्हती. १६ जूनचा सामना, सारान्स्कला. मोर्दोव्हियाची राजधानी असलेलं हे छोटं शहर, तिथे एरवी परदेशी पाहुणा फारसा फिरकत नाही. सामन्याचं तिकीट आणि फॅन आयडी असला की यजमान शहरांमधल्या खास रेल्वेगाड्या फुकट होत्या, फक्त ऑनलाइन आरक्षण आधी करावं लागे. फॅन आयडी म्हणजे गळ्यात अडकवायचं फोटोचं कार्ड. व्हिसाचं कामही तेच करायचं.

मॉस्कोहून रात्रीच्या गाडीत चढलो तर डबाभर पेरूचे लोक. पांढरा शर्ट, त्यावर तिरपा लाल पट्टा. माझ्या कंपार्टमेंटमध्ये लिमाहून आलेले बाप-लेक होते. वडिलांनी १९८२चा वर्ल्डकप तरुणपणी रेडिओवर ऐकला होता. त्यानंतर ३६ वर्षं पेरू पात्रच ठरला नव्हता. प्रवासासाठी त्यांनी गाडी विकली होती. हे त्यांनी फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून सांगितलं, आणि आम्ही लांबून आलो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, असा माझाच धीर वाढवला! पहाटेपर्यंत डब्यात गाणी चालली होती. डब्याची काळजी घेणाऱ्या रशियन बाईंनी दोनदा येऊन दटावलं, तिसऱ्यांदा आल्या त्या चहा घेऊन.

त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येईना. जिकडे बघावं तिकडे लाल-पांढरं, डेन्मार्कवाले एका कोपऱ्यात. मध्यंतराच्या तोंडावर व्हिडिओ बघून पेरूला पेनल्टी दिली गेली आणि कुएव्हाने ती बारवरून मारली. ५९व्या मिनिटाला पोल्सनने डेन्मार्कचा गोल केला. त्यानंतर पेरूने हल्ल्यांवर हल्ले केले, पण डेन्मार्कचा गोलरक्षक श्मायकेल सगळं अडवत राहिला. ०-१. माझ्या पुढच्या रांगेतला धिप्पाड माणूस तोंड झाकून रडत होता आणि त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत अजूनही गात होती. त्या दिवसापासून पेरूचा निकाल मी शोधून बघतो. त्या संघातली चार नावंही मला आधी माहीत नव्हती.

शारजा, १४ जानेवारी २०१९ (दुबईत राहणारा)

वर विचारलंय की भारत खेळत असला तर काय वेगळं. सगळंच.

आशियाई कपमध्ये आपण अबूधाबीला थायलंडला ४-१ हरवलं होतं. त्या स्पर्धेतला आपला १९६४नंतरचा पहिला विजय. मग यूएईकडून ०-२ हरलो. बहरीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी बाद फेरी नक्की होती. भोगीचा दिवस, सोमवार, ऑफिस करून थेट शारजा स्टेडियम गाठलं. ढोल-ताशे आणले होते मल्याळी मंडळींनी आणि ते शेवटपर्यंत थांबले नाहीत. केरळची पोरं संघामागे जशी उभी राहतात ते बघून मला फार आदर वाटतो.

सुरुवातीलाच आपला बचावपटू अनस जखमी होऊन बाहेर गेला. मग पुढचे पंचाऐंशी मिनिटं आम्ही बचावच बघितला. आपला गोलरक्षक गुरप्रीतने चेंडू पकडला की गोल झाल्यासारखा जल्लोष व्हायचा. शेजारी कोझिकोडचा एक टॅक्सीचालक होता, आमची भाषा हिंदी-इंग्रजीची मोडतोड. ऐंशी मिनिटं झाल्यावर त्याने माझं मनगट घट्ट धरलं आणि सोडलंच नाही. ९० मिनिटं पूर्ण. मनात म्हटलं, झालं. आणि जादा वेळेत पेनल्टी. जमाल रशीदने ती मारली, ०-१, आपण गटात शेवटचे.

ज्याच्या फाउलमुळे पेनल्टी गेली तो प्रणॉय हाल्दर जमिनीवर बसून राहिला होता. त्याला कुणी शिव्या घालाव्यात असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या दिवशी तो जीव तोडून खेळला होता. आमच्या स्टँडमधून आधी एकदम शांतता आणि मग टाळ्या. परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, गाडीत कुणी बोललं नाही. परक्या संघासाठी असा घसा दुखत नाही हो, मी युरोपातले सामने बघूनही सांगतो.

दिल्ली, २०१७ (कोल्हापूर)

आम्हाला फुटबॉल टीव्हीने शिकवला नाही. पाटाकडील-दिलबहार या आमच्या तालमींच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमला गॅलरीत जागा मिळत नाही. पेठेपेठेत तालीम आणि तालमीचा संघ. तेव्हा १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव आहे म्हटल्यावर घरी बसणं शक्यच नव्हतं. मिरजेहून निजामुद्दीनची गाडी पकडली, सोबत भगवे फेटे.

९ ऑक्टोबर, कोलंबिया. पहिल्या अर्धात राहुलचा फटका पोस्टला लागला तेव्हा सगळं स्टेडियम डोक्याला हात लावून उभं. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगचं हेडर आत गेलं. फिफाच्या कुठल्याही स्पर्धेतला भारताचा पहिला गोल, आणि भावा, तो आम्ही डोळ्यांनी बघितला! एक पंजाबी आजोबा मला मिठी मारून उचलायला बघत होते. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल मारला, १-२ हरलो. पण तो एक मिनिट कुणी काढून घेऊ शकत नाही.

दोहा, २०२२

आम्ही इथेच राहतो, त्यामुळे गटातल्या सामन्यांची रहिवाशांसाठीची ४० रियालची तिकिटं मिळाली. हय्या कार्ड (प्रेक्षकांचं ओळखपत्र) आणि तिकीट फोनवर, मेट्रो फुकट. पण सांगायचाय तो ६ डिसेंबरचा एज्युकेशन सिटीतला मोरोक्को-स्पेन सामना. स्पेनकडे चेंडू आला की सगळं स्टेडियम शिट्ट्या वाजवायचं, आणि चेंडू तर बहुतेक वेळ स्पेनकडेच. १२० मिनिटं ती शिट्टी कानात. माझी मुलगी स्पेनची म्हणून आली होती, पेनल्टी सुरू होईपर्यंत ती मोरोक्कोच्या आज्यांबरोबर दुवा मागत होती. साराबियाचा फटका पोस्टला, पुढचे दोन्ही मोरोक्कोचा गोलरक्षक बूनूने अडवले. मग माद्रिदमध्ये जन्मलेल्या, पण मोरोक्कोकडून खेळणाऱ्या हकिमीने चेंडू अलगद मधोमध उचलून टाकला आणि मोरोक्को जिंकला.

एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्यासमोरचा सुरक्षारक्षक नेपाळचा होता. त्याचं काम प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं. मैदान त्याच्या पाठीशी. तो आमच्या चेहऱ्यांवरून सामना बघत होता. शेवटची पेनल्टी त्याला मुलीने हातवाऱ्यांनी सांगितली. ही स्टेडियमं ज्यांनी उभारली त्यातले किती जण आत बसू शकले, हा प्रश्न मी इथे अनेकदा विचारते आणि विचारत राहणार.

डॉर्टमुंड, युरो २०२४

थोडक्यात लिहितो. सामन्याच्या तिकिटासोबत ३६ तासांचा स्थानिक वाहतुकीचा पास मिळायचा, तो जरूर वापरावा. तुर्की-जॉर्जिया बघितला, ३-१. छतावरून पाण्याच्या धारा कोसळत होत्या, तरी तुर्की पाठीराखे हलले नाहीत. जॉर्जियाची ही पहिलीच मोठी स्पर्धा, म्हणून मी त्यांच्या बाजूने. आठच दिवसांनी त्यांनी पोर्तुगालला २-० हरवलं!

नेरूळ, ३० ऑक्टोबर २०२२ (नाशिकहून गेलेली)

पासपोर्ट नसलेल्यांनीही लिहायचं ना? मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपची फायनल डी. वाय. पाटीलला होती, स्पेन-कोलंबिया. आपल्या मुली गटात तिन्ही सामने हरल्या होत्या, अमेरिकेकडून तर ०-८. तरी लेकीला घेऊन गेले, कारण ती शाळेच्या संघात खेळते आणि तिला मैदानावर मुलींचा सामना एवढ्या गर्दीत कधी बघायला मिळाला नव्हता. कोलंबियाची लिंडा कायसेदो तेव्हा १७ वर्षांची, त्याच वर्षी मोठ्यांच्या संघातून कोपा अमेरिकाची फायनल खेळून आलेली. चेंडू तिच्या पायात आला की पोरगी उभी राहायची. कोलंबिया स्वयंगोलाने ०-१ हरली.

पुढच्या वर्षी सिडनीत मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये कायसेदोने जर्मनीवर गोल केला. लेक शाळेत सगळ्यांना सांगत सुटली की हिला मी नेरूळला खेळताना बघितलंय.