प्रार्थनेत देवाची ओढ मुद्दाम वाढवता येते का?

ऐरोलीकर: आमच्याकडे दर शुक्रवारी घरोघरी प्रार्थना सभा असते. एक ताई वही काढतात, त्यात सगळ्यांच्या विनंत्या, कोणाचा व्हिसा, कोणाची सोनोग्राफी, कोणाच्या मुलाची बारावी, कोणाचा खारघरचा फ्लॅट विकला जात नाहीये. वाचता वाचता अर्धा तास जातो. परवा पाळक (पास्टर) म्हणाले आता दोन मिनिटं नुसतं प्रभूसमोर शांत बसूया, तर लगेच कोणीतरी घसा खाकरून गाणंच सुरू केलं, शांतता सहनच होत नाही आपल्याला! माझं म्हणणं सरळ आहे, देवाकडून वस्तू पाहिजेत पण देव पाहिजे असं क्वचितच वाटतं, आणि ती ओढ आपोआप येत नाही, लावून घ्यावी लागते. सभेची पहिली पंधरा मिनिटं काही मागायचं नाही, बायबलमधलं एकच स्तोत्र हळू वाचायचं. ६३वं घ्या, दावीद राजा यहूदाच्या रानात आहे, आजूबाजूला पाणी नाही आणि तहान लागलीय म्हणतो ती देवाची.

वागळेवाला: सॉरी पण हे पोट भरलेल्यांचं बोलणं झालं. रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवलं ना? बायबलमधला आंधळा भिकारी बार्तीमय रस्त्यावर बसून ओरडत होता, त्याला येशूने विचारलं मी तुझ्यासाठी काय करू, तो म्हणाला मला दिसू दे, आणि दिसलं. आधी ओढ वाढव मग ये असं काही सांगितलं नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला पंधरा मिनिटं गप्प बसा सांगणार तुम्ही?

ऐरोलीकर: @वागळेवाला मागू नका कुठे म्हटलं? पण त्याच प्रार्थनेत भाकरीच्या आधी तीन गोष्टी आहेत, नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, इच्छा पूर्ण होवो. आपण त्या धडाधड म्हणून थेट भाकरीवर येतो.

जांभळीनाका_ठाणे: मला भीती वेगळीच आहे. ओढ वाढवायची म्हटलं की लाईट मंद, कीबोर्डवर तीच धून, लोक रडले की सभा "छान झाली". आविलाच्या संत तेरेजाने, म्हणजे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संन्यासिनीने, स्वतःच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतो याकडेच तिचं जास्त लक्ष असायचं. तरी बसायची. मी त्याला ओढ म्हणेन, डोळ्यांत पाणी आलं का नाही हे मोजू नये. आणि आर्तता पाहिजेच असेल तर ना. वा. टिळकांचे अभंग काढा ना, तुकोबांच्या वळणावर लिहिलेत, आपल्याच भाषेतले, आपल्या तरुण मंडळींना मात्र इंग्रजी वर्शिपच लागतं, असो.

नाईटड्युटी_वाशी: मी नर्स आहे, पंधरा मिनिटं शांतता हे आमच्यासाठी स्वप्नच. आफ्रिकेतले जुने बिशप संत ऑगस्टीन, त्यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेवर पत्र लिहिलं होतं, साधारण ४१२ सालचं, रोम लुटलं गेल्यावर ती आफ्रिकेत पळून आलेली. त्यात इजिप्तमधल्या संन्याशांबद्दल आहे की ते अगदी छोट्या प्रार्थना पण सारख्या करायचे, बाण सोडल्यासारख्या, म्हणजे मन भरकटायच्या आत संपते. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये तेच करते, "प्रभू, तू पाहिजेस" एवढंच, ऐरोली, रबाळे, घणसोली, प्रत्येक स्टेशनला. आणि @वागळेवाला, त्याच पत्रात तुमचाही मुद्दा आहे. देवाला आपली गरज आधीच माहीत असते, तरी तो मागायला लावतो कारण मागता मागता इच्छा वाढते, आणि तो जे देणार आहे ते घ्यायला आपण तयार होतो. म्हणजे वहीतूनही ओढ वाढू शकते, फक्त वही वाचून मिटली की लगेच चहाला उठू नका.

वागळेवाला: हे पटण्यासारखं आहे. पण पंधरा मिनिटांचा नियम नाहीच पटत. ४२व्या स्तोत्रातला माणूस रात्रंदिवस रडतोय, लोक विचारतायत तुझा देव कुठाय, त्याची तहान त्या रडण्यातूनच आलीय, घड्याळ लावून नाही.

ऐरोलीकर: घड्याळ नको तर नको, पण या शुक्रवारी स्तोत्र आधी आणि वही नंतर, एवढं करून बघणार आहे. तुम्ही या.

वागळेवाला: येतो. आईची अँजिओप्लास्टी आहे मंगळवारी. स्तोत्र चालू असताना मध्येच तोंडातून निघालं तर कोणी शुक् करायचं नाही.