युद्धकैद्यांना राबवणाऱ्या कंपन्यांनी आज भरपाई द्यावी का?

सह्याद्री_७७:
दुसऱ्या महायुद्धात जपानने हजारो अमेरिकी, ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन युद्धकैदी बोटीत कोंबून आपल्या देशात नेले आणि खाणी, कारखाने, गोद्यांमध्ये कामाला जुंपले. २०१५ ला मित्सुबिशी मटेरियल्स या जपानी कंपनीच्या लोकांनी लॉस एंजेलिसला जाऊन ९४ वर्षांचे माजी अमेरिकी युद्धकैदी जेम्स मर्फी यांच्यासमोर वाकून माफी मागितली, ते तांब्याच्या खाणीत राबलेले. माफी मागितली हे चांगलंच पण पैसे नाही दिले. फुकट माणसं वापरून माल काढलात ना, मग मजुरी आजही देणं लागता.

विनायक_के:
नाही पटत. १९५१ च्या जपानसोबतच्या सॅन फ्रान्सिस्को तहात मित्रराष्ट्रांनी स्वतःचे आणि आपल्या नागरिकांचेही दावे सोडलेत. शिवाय कलम १६ प्रमाणे तटस्थ देशांतली जपानी मालमत्ता रेड क्रॉसमार्फत कैद्यांना वाटली गेली. एकदा मिटवलेलं परत उकरायचं तर तह करायचेच कशाला?

सह्याद्री_७७:
वाटली म्हणजे किती? ब्रिटिश सैनिकाच्या हातात जेमतेम ७६ पौंड पडले, साडेतीन वर्षांच्या कैदेचे!

अस्मिता_नाशिक:
जपानमध्ये ओमुताला मित्सुई कंपनीची मिईके कोळसा खाण होती, तिथले कैदी सोबत्याला सांगून स्वतःचा हात मोडून घ्यायचे, का तर काही दिवस तरी खाली उतरायला लागू नये. असा हात मोडून घेणाऱ्याला विचारून सोडला का हो कुणी त्याचा दावा?

विनायक_के:
त्यांच्या हालांबद्दल वादच नाही ताई. पण दावा ज्या सरकारने सोडला त्यानेच द्यावं. ब्रिटनने २००० साली प्रत्येकी १०,००० पौंड दिलेच की.

सह्याद्री_७७:
म्हणजे राबवलं जपानी कंपनीने आणि भरलं ब्रिटिश करदात्याने, हा कुठला न्याय??

पांथस्थ:
थोडं अवांतर, सिंगापूर पडल्यावर हजारो भारतीय कैदीही न्यू गिनीकडे राबायला नेले होते. भारताने १९५२ च्या वेगळ्या तहात भरपाईचा हक्क सोडला. शाळेत यातलं एक अक्षर शिकवलं नाही आम्हाला, फार वाईट वाटतं.

सह्याद्री_७७:
@विनायक आणि ऐका, याच मित्सुबिशी मटेरियल्सने २०१६ मध्ये युद्धात जबरदस्तीने राबवलेल्या चिनी मजुरांना प्रत्येकी १ लाख युआन द्यायचं कबूल केलं.

विनायक_के:
चीन सॅन फ्रान्सिस्कोला नव्हताच, ती केस वेगळी.

सह्याद्री_७७:
नव्हता, पण १९७२ ला चीननेही भरपाई सोडली आणि २००७ मध्ये जपानच्या सुप्रीम कोर्टाने चिनी मजुरांना कोर्टात दावा करता येणार नाही असा निकाल दिला. तरी कंपनी पैसे द्यायला तयार झाली. मग मर्फींच्या वेळी काय आड आलं?