'डेट'मधला बी आला कुठून?

मूळ प्रश्न होता की 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दात बी उच्चारत नाहीत तर लिहायचा कशाला? वर एकांनी 'पूर्वी उच्चारत असतील' असं म्हटलंय. 'नाइट', म्हणजे सरदार (रात्र नव्हे), या शब्दातल्या के-बद्दल ते खरं आहे, 'डेट'बद्दल नाही.

हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा स्पेलिंग होतं डी-ई-टी-टी-ई. बी नव्हताच. पुढे विद्वानांना लॅटिनचं फार अप्रूप वाटू लागलं आणि मूळ 'देबितुम' डोळ्यांना दिसावा म्हणून त्यांनी बी आत घातला. 'डाउट'मधला बी आणि 'रिसीट'मधला पी असेच मागाहून आलेले.

'आयलंड' मात्र मला खरंच खटकतो. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिनशी त्याचा संबंध नाही. पण 'आइल' हा त्याच अर्थाचा शब्द लॅटिन 'इन्सुला'वरून आलेला, म्हणून याचंही मूळ तेच समजून एस चिकटवला. चुकीची व्युत्पत्ती कायमची स्पेलिंगात जाऊन बसली!

माझ्या पुतणीने श्रुतलेखनात 'डेट'चा बी गाळला आणि गुण गेला. रडवेली झाली होती. मी आजोबांचं पासबुक उघडून तिला 'डेबिट'वर बोट ठेवायला लावलं. तिथे बी स्वच्छ ऐकू येतो आणि शब्द त्याच कुळातला. पुन्हा चुकली नाही. 'डाउट'साठी 'ड्युबियस' आणि 'रिसीट'साठी 'रिसेप्शन' असंच लक्षात ठेवता येतं. मुलांना नुसतं 'पाठ कर' म्हणण्याआधी हे एकदा दाखवून बघा.