रुमिनेट म्हणजे फक्त खोल विचार नाही

इंग्रजीतल्या 'रुमिनेट' (ruminate) या शब्दाचा अर्थ 'खोलवर विचार करणे' एवढाच सांगितला जातो, ते बरोबर आहे पण अर्धवट वाटतं. हा शब्द आलाय रुमेनवरून, आणि रुमेन म्हणजे गायीच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा, गाय आधी भराभर चरून तिथे भरून ठेवते आणि मग निवांत बसली की एकेक घास परत तोंडात आणते. गोठ्यात नीट बघितलंत तर गळ्यावरून गोळा वर सरकताना दिसतो, मग ५०-६० वेळा चावणं, गिळणं, काही सेकंद गप्प आणि पुढचा गोळा!! दिवसाचे सहा-आठ तास हेच.

आपल्याकडे पण 'जुन्या भांडणांचा रवंथ' म्हणतातच की, आणि तो काही कौतुकाने नाही म्हणत. सायकॉलॉजीत रुमिनेशन त्याच वाईट अर्थाने येतं, मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९० च्या आसपास मांडलं की उदास असताना 'माझंच असं का' हेच घोळवत बसलं की उदासी अजून लांबते. गायीचं निदान पचतं तरी, आपलं तेच ते परत वर येत राहतं. चर्वितचर्वण जवळचं वाटेल पण ते बोलण्या-लिहिण्यातल्या पाल्हाळाला जास्त शोभतं, मनातल्या मनात चालतं त्याला रवंथच बरा. तेव्हा थेरपिस्ट 'यू रुमिनेट अ लॉट' म्हणाला तर विचारवंत म्हटलं म्हणून खूश होऊ नका :)